धाव, पत्री आणि टायर : उल्हास खोऱ्यातील वाहननिवडीचा ऋतुविचार

बदलापूर हे नाव कसे पडले, असे त्या गावच्या कोणाही वृद्धास विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते. सुरतेकडून अगर कल्याणकडून घाटाकडे जाणारे स्वार येथे आपले घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने या कथेवर विसंबून राहावे अशी तिची योग्यता नाही. ‘बदल’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला व रुळला. तेव्हा ही उपपत्ती खरी मानली तर गावाचे नाव त्या शब्दाच्या मराठीतील प्रवेशापेक्षा जुने असू शकत नाही, आणि ते तसे नाही हे ठरविण्यास केवळ कथा पुरेशी नाही. स्थलनामांच्या बाबतीत ऐकू येणाऱ्या शब्दाला अर्थ चिकटवून त्यावर गोष्ट रचणे ही लोकबुद्धीची जुनी सवय आहे.

तथापि लोकव्युत्पत्ती शास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, एवढ्यावरून ती इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरत नाही. नावाविषयी ती काही सांगत नसेल. पण ते नाव उच्चारणारांच्या अनुभवाविषयी ती पुष्कळ सांगते. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना आपले ठिकाण ‘वाहन बदलण्याची जागा’ म्हणून ओळखावेसे वाटले, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. खाडीतील तराफा व गलबत येथे संपे, सपाट भाताची जमीन सुरू होई, आणि तीही दहा-बारा कोसांत संपून सह्याद्रीचा चढ समोर उभा राही. त्यातच वर्षाचे चार महिने हीच भूमी वेगळीच होऊन जाई. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे की, या बदलत्या भूमीवर व बदलत्या हवेत येथील माणसाने वाहनाची, चाकाची व चाकावरील आवरणाची निवड कोणत्या विचाराने केली, आणि त्या विचाराचे अवशेष भाषेत कोठे सापडतात.

हा प्रश्न उपस्थित करण्यास एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकातील महसूलविषयक लिखाणात गाड्यांची संख्या ही प्रगतीची मोजपट्टी म्हणून वापरलेली आढळते. तीस वर्षांनी जमिनीची फेरपाहणी झाली की, विहिरी इतक्या वाढल्या, गुरे इतकी वाढली, गाड्या इतक्या वाढल्या, असा हिशेब मांडला जाई. देशावरील तालुक्यांच्या बाबतीत ही मोजपट्टी बऱ्याच अंशी योग्यच होती. परंतु तीच कोकणास लावली म्हणजे जेथे गाड्या थोड्या, तेथे लोक मागासलेले, असा निष्कर्ष आपोआप निघतो. आणि पुढील अभ्यासकांनीही तो फारशी चिकित्सा न करता स्वीकारलेला दिसतो. माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे. चाक ठाऊक नसणे आणि चाक ठाऊक असून ते न निवडणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

प्रथम भूमीचा विचार करू. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी खाली येते व वसईच्या खाडीस मिळते. या खोऱ्यात पावसाचे मान दोन ते तीन हजार मिलिमीटरच्या घरात असून त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. घाट चढून पुण्यास गेले की हेच मान सातशेच्या आसपास येते. म्हणजे दोन दिवसांच्या प्रवासात वाटसरू एका हवामानातून दुसऱ्या हवामानात जात असे. भाताची खाचरे पाण्याने भरलेली, बांध अरुंद, ओढ्यांना उतार नाही. अशा प्रदेशात आषाढात गाडी जुंपणे म्हणजे ती रुतवून ठेवणे होय.

मग माल कसा जाई? कल्याण हे सातवाहनकाळापासून प्रसिद्ध बंदर. तेथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. तेथून जुन्नरकडे जाणारी वाट नाणेघाटाने चढे. त्या घाटातील नागनिकेचा लेख व जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण सर्वश्रुत आहेत. पण घाट पाहिलेल्या कोणासही हे पटेल की त्या पायऱ्यांवरून चाक जाणे शक्य नाही. शतकानुशतके चाललेला हा समृद्ध व्यापार चाकावर नव्हे, तर खुरांवर चालला होता. पाठीवर गोण्या घेतलेले बैल, त्यांचे तांडे व ते हाकणारे लमाण-वंजारी यांनी तो वाहिला. ‘गोणी’ हा शब्द आज आपण सिमेंटच्या पिशवीलाही लावतो. त्याच्या मागे ओझ्याच्या बैलाची पाठ आहे, हे आपण विसरलो आहोत.

बैलाचीच निवड का, याचेही उत्तर भूमीत आहे. घोड्याचा खूर एकसंध. चिखलात तो रुतला की वर निघताना पोकळी धरतो. बैलाचा खूर दुभंगलेला. भार पडताच त्याचे दोन्ही भाग फाकतात, पृष्ठ रुंदावते, आणि पाय उचलताना ते जवळ येऊन खूर चिखलातून सुटतो. चिखलाच्या वाहनाला जे गुण हवेत ते निसर्गाने येथे आधीच सिद्ध करून ठेवले आहेत. उलट, खडी घातलेल्या कठीण रस्त्यावर हाच खूर झिजतो. म्हणून त्याला लोखंडी ‘पत्री’ मारावी लागते. घोड्याचा तो नाल आणि बैलाची ती पत्री, हा भेद मराठीने नीट जपला आहे. पक्का रस्ता जसजसा वाढला तसतसे पत्री मारण्याचे कामही वाढले असले पाहिजे. कारण भातखाचरातल्या बैलाला तिची गरज नाही. म्हणजे पत्री हीसुद्धा एका अर्थी रस्ता पाहून निवडलेले आवरणच होते.

आता चाकाकडे येऊ. चाकाच्या अवयवांची मराठी नावे पाहिली असता त्यांतील काहींचे वय फार मोठे असल्याचे दिसते. ‘चाक’ हे चक्राचे, ‘आरा’ हा अराचा, ‘आस’ अगर ‘आख’ हा अक्षाचा सरळ वारस. मात्र चाकाच्या भोवतालच्या लोखंडी पट्टीला ऋग्वेदात जो ‘पवि’ शब्द आहे, तो मराठीपर्यंत पोचला नाही. त्या जागी आपल्या भाषेने ‘धाव’ हा शब्द घेतला. बोलणाराच्या मनात त्याचे नाते ‘धावणे’ या क्रियेशीच आहे. इंग्रजीतील ‘टायर’ हा शब्द ‘ॲटायर’ म्हणजे पोशाख, साज या शब्दाचा संक्षेप मानला जातो. तो पहिल्यांदा लोखंडी पट्टीलाच लावला गेला, रबराला नव्हे. एका भाषेने चाकाला काय घातले आहे ते पाहिले, दुसरीने चाक काय करते ते पाहिले. यावरून दोन समाजांच्या स्वभावाविषयी सिद्धांत बांधण्याचा मोह वर्गात विद्यार्थ्यांना होतो, तो आवरावा.

धाव चढविण्याचे काम सुतार व लोहार या दोन बलुतेदारांनी मिळून करावयाचे. लोखंडी कडे चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवीत. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईतो तापविले की प्रसरण पावे. तशा स्थितीत ते सांडशींनी उचलून लाकडी चाकावर बसवीत, वरून हातोडे मारीत व लगेच पाणी ओतीत. कडे आकसे आणि आरे, तुंबा व भोवतालचे लाकडी तुकडे यांचे सर्व सांधे एकाच वेळी आवळले जात. येथे ऋतूचा संबंध येतो. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आकसते आणि धाव सैल होते. पावसात तेच लाकूड फुगते. म्हणून उन्हाळ्यात गाडीवान रात्री चाके ओढ्याच्या पाण्यात ठेवीत असत. वाटेत धाव निसटून पडण्यापेक्षा ते बरे. सारांश, लोखंडी धाव ही वरून निर्विकार दिसली तरी हवामानापासून मुक्त नव्हती. जे चाक माघात घट्ट, ते वैशाखात ढिले, असा अनुभव घेतलेल्या माणसाला ‘सर्व ऋतूंसाठी एकच चाक’ ही कल्पना विचित्र वाटली असती.

तिची रुंदी हा दुसरा प्रश्न. दोन-तीन बोटे रुंदीची धाव हलकी, स्वस्त व कठीण जमिनीवर ओढण्यास सोपी. परंतु भार थोड्या जागेत एकवटल्यामुळे मऊ जमिनीत ती सुरीसारखी शिरते. गाडीमागून गाडी त्याच रेषेत शिरली की ‘चाकोरी’ पडते. आज आपण ‘चाकोरीबाहेरचे लेखन’ अशा स्तुतीने हा शब्द वापरतो, पण खऱ्या चाकोरीच्या बाहेर जाणारा गाडीवान स्तुतीस पात्र नसे, तो आख मोडून घेत असे. पावसाळ्यात या चाकोऱ्यांत पाणी साठे, उन्हाळ्यात त्या कठीण होत, आणि त्यांतून चाक काढणे दोन्ही वेळी अवघड. ‘गाडीवाट’ आणि ‘पाऊलवाट’ हे जे भिन्न शब्द आहेत ते केवळ रुंदीचे निदर्शक नव्हेत. पाऊलवाट बारमाही असे. गाडीवाट वर्षाकाठी आठ महिन्यांची.

या आठ महिन्यांना मराठी कालगणनेत स्पष्ट सीमा आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मृगाच्या आधी घरी परत, हा मराठी फौजांचा क्रम इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. तोच क्रम तांड्यांचा व गाडीवानांचा. त्याहूनही मागे गेल्यास बौद्ध भिक्षूंचा वर्षावास व पुढे संन्याशांचा चातुर्मास हे प्रवासबंदीचेच धार्मिक रूप आहे. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी या खोऱ्याच्या मुखाशीच आहेत. अंबरनाथच्या शिवालयाची मोठी यात्रा माघ वद्य चतुर्दशीस भरते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन देवालय वालधुनीच्या काठी आहे. श्रावणी सोमवारी तेथे गर्दी होते हे खरे. परंतु दूरदूरच्या गावांहून गाड्या सोडून येण्याचा काळ माघ-फाल्गुनाचाच. तिथी वाटेच्या सोयीने ठरली असे मी म्हणत नाही, पण तिथी व वाट यांचा मेळ बसला हे मात्र दिसते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. पंढरीची वारी पावसाळ्यातच निघते, आणि पालखीचा रथ बैलच ओढतात. मग पावसाळ्यात चाक थांबे हे कसे? याचे उत्तर असे की वारी ही मूलतः पायांची आहे, आणि तिची वाट घाटमाथ्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या प्रदेशातून जाते. तेथेही दिवे घाटात रथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात. शिवाय देशावरचा त्रास वेगळा. काळी जमीन भिजली की चाकाला थरावर थर चिकटते व चाक दुप्पट जड होते. कोकणात चाक बुडते, देशावर ते माखते. चिखल हा एक शब्द असला तरी वस्तू दोन आहेत, आणि दोघांना लागणारी चाकेही दोन.

देशावरही प्राचीन काळापासून सुबक गाड्या धावत होत्या असे समजू नये. इंदापूरची पहिली पाहणी झाली त्या वेळी तेथे ओबडधोबड, दगडी चाकांचे जड गाडे होते, असे पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरावरून कळते. त्यांची जागा हलक्या गाड्यांनी घेतली ती १८३० च्या दशकात, आणि त्याचे श्रेय मुख्यत्वे लेफ्टनंट गेसफर्ड या पाहणी अधिकाऱ्याला दिले जाते. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे त्याने आपल्या देखरेखीखाली नव्या गाड्या बनविण्यास आरंभ केला. दगडी चाक हे अडाणीपणाचे लक्षण म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याला धाव लागत नाही, ते उन्हात आकसत नाही, पावसात फुगत नाही. दर मोसमात लोहाराकडे जावे लागत नाही. त्याची किंमत मात्र बैल मोजतात. गेसफर्डच्या गाडीने ही किंमत बैलांच्या मानेवरून काढून सुतार-लोहारांच्या हातावर ठेवली.

याच सुमारास उल्हास खोऱ्याच्या दक्षिण टोकास मोठा पालट झाला. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. चाक प्रथमच सुखाने सह्याद्री चढू लागले. त्यानंतर पाव शतकाने रेल्वे आली : १८५३ मध्ये ठाणे, १८५४ मध्ये कल्याण, १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून पळसदरीच्या बाजूस. खंडाळा ते पुणे हा वरचा भाग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला घाट १८६३ पर्यंत पुरा व्हावयाचा होता. या पाच वर्षांत मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू आगगाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढे, आणि वर पुन्हा आगगाडीत बसे. बदलापूरच्या लोककथेतील ‘बदल’ असा रेल्वेच्या वेळापत्रकातही काही काळ नांदला.

लोहमार्गाने ऋतूचा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. वाटेप्रमाणे चाक निवडण्याऐवजी चाकाप्रमाणे वाट बांधली. ती वाट पाण्याखाली गेली तर मात्र या चाकाला पर्याय नसतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली, तेव्हा सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी बोटी आणाव्या लागल्या. जुन्या कल्याणकरास त्यात विशेष नवल वाटले नसते.

रबराने नेमका याच्या उलट मार्ग घेतला : वाट आहे तशी राहो, चाकाचे आवरण तिला अनुरूप करू. हवा भरलेल्या आवरणाचे पेटंट स्कॉटिश अभियंता टॉमसन याने १८४५ मध्ये घेतले. ते विस्मृतीत गेले, आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे डनलॉपने ते पुन्हा शोधले. हवामानाप्रमाणे हे आवरणच बदलावे, ही कल्पना पुढे फिनलंडमध्ये रूढ झाली. तेथील रबर कारखान्याने १९३४ मध्ये बर्फाळ रस्त्यांवरील मालमोटारींसाठी जो टायर काढला त्याचे नाव ‘केलिरेंगस’. ‘रेंगस’ म्हणजे टायर, आणि ‘केलि’ म्हणजे प्रवासाच्या दृष्टीने पाहिलेली हवा व वाट यांची एकत्रित अवस्था. अशा अर्थाला मराठीत एकच शब्द नाही. रशियन भाषेत बर्फ वितळून अगर पाऊस पडून वाटा मोडतात त्या काळाला ‘रास्पुतित्सा’ म्हणतात; तेही आपल्याकडे नाही. आपण त्या काळास सरळ ‘पावसाळा’ म्हणतो, कारण आपल्याकडे वाट मोडणे हा पावसाळ्याचा एक विशेष नसून त्याचा स्वभावच आहे.

हिवाळी टायरचे तत्त्व थोडक्यात सांगावयास हवे. तापमान सात अंशांच्या खाली जाऊ लागले की सामान्य रबर कठीण होऊन रस्त्याची पकड सोडते. म्हणून हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे करतात, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा ठेवतात. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा त्याचा लौकिक काळ आहे. आपल्या ‘दसरा ते मृग’ याचेच ते उत्तरेकडील भावंड. अशा टायरांवर जी दोन अक्षरे पूर्वापार असत त्यांचा अर्थ ‘चिखल आणि बर्फ’. पुढे केवळ चिखलात चालणारी नक्षी बर्फावर पुरत नाही असे ठरून पर्वत व हिमकण यांचे निराळे चिन्ह आले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून जर्मन कायदा हिवाळ्यासाठी तेच चिन्ह मानतो. त्या जोडनावातील बर्फ आपला नव्हे. चिखल मात्र पूर्णपणे आपला आहे. उल्हास खोऱ्यात रबर गोठण्याचे भय नाही. येथे रबर व रस्ता यांच्या मध्ये पाणी शिरते, आणि नक्षीच्या खाचा खोल असतील तरच ते बाहेर फेकले जाते.

भारतात डनलॉप कंपनीचा साहागंजचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला आणि त्याच दशकात बैलगाडीसाठी रबरी टायर आले. मऊ व खडबडीत वाटेवर या गाडीने बैलांचे श्रम पुष्कळ कमी होतात. ऊस वाहणाऱ्या पट्ट्यांत ती ‘टायरगाडी’ या नावाने रूढ झाली. पुढे बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी देशापुढे मांडला. मात्र गंमत अशी की, रबर आले तेव्हा ‘धाव’ हा शब्द त्याला मिळाला नाही. तो लोखंडाबरोबरच राहिला आणि लोखंडाबरोबरच मावळत चालला आहे. जुने नाव नव्या वस्तूला देण्याची मराठीची एरवीची रीत आहे. ‘गाडी’ या शब्दाने आगगाडी, मोटारगाडी सर्व पचविले. धावेच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण धाव लोहार बसवी आणि टायर दुकानदार विकी. वस्तूबरोबर तिला नाव देणारा माणूसही बदलला होता.

तथापि टायर मराठीत आल्यावर त्याचे वर्णन मराठीने स्वतःच्या शब्दांनी केले. झिजून गुळगुळीत झालेला टायर हा ‘गोटा’. त्यावरील खाचा म्हणजे ‘नक्षी’. उंचवटे असलेला दुचाकीचा टायर म्हणजे ‘बटण टायर’. मालमोटारीच्या पुढच्या चाकांना लांब सरळ रेघांची नक्षी व मागच्यांना आडव्या खोल खाचांची, कारण पुढच्या चाकांनी दिशा राखावयाची व मागच्यांनी ओढ द्यावयाची, हे अंबरनाथच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या मोटारींच्या चालकांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी नक्षीची किमान खोली दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर ठरविली आहे. ही मर्यादा बाराही महिने एकच आहे. रिक्षाचालक मात्र मे महिन्याच्या अखेरीस गोटा झालेले टायर काढून टाकण्याची धडपड करतो. नियमाला नसलेले मृग नक्षत्र त्याला आहे.

ऋतूप्रमाणे प्रत्यक्ष चाकच बदलण्याची रीत या खोऱ्यात आज एकाच ठिकाणी उरली आहे, आणि ती रस्त्यावर नाही. भाताच्या चिखलणीसाठी पॉवर टिलर अगर छोटा ट्रॅक्टर खाचरात उतरवावयाचा असतो, तेव्हा त्याची रबरी चाके काढून पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके लावतात, किंवा रबरी चाकांना ती बाहेरून जोडतात. रुंद व पोकळ असल्याने ती बुडत नाहीत, आणि त्यांच्या पट्ट्या चिखल कालवीत पुढे जातात. बैलाच्या फाकणाऱ्या खुराने जे काम केले तेच येथे लोखंड करते. ही चाके डांबरी रस्त्यावर चालवीत नाहीत, कारण ती रस्ता फोडतात व स्वतःही मोडतात. म्हणून बदलापूरच्या पुढे वांगणीच्या बाजूस आषाढात गेल्यास असे दृश्य दिसते की, शेतकरी यंत्र रबरावर चालवीत बांधापर्यंत आणतो, डांबर संपते तेथे ते थांबवितो, सोबत आणलेली लोखंडी चाके उतरवितो, आणि पावसात उकिडवा बसून पाना फिरवू लागतो.